पाण्याची खोली मोजणारे घड्याळ दोरीपेक्षा एक परस कमी दाखवते : मदत हवी आहे

विहिरीकाठी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पाण्याची खोली दाखवणारे, पाणबुडे वापरतात तसे मनगटी घड्याळ आहे. विहिरीतील पाणी मोजण्यासाठी मी ते वजनासह दोरीला बांधून खाली सोडले. दोरीवरच्या खुणांप्रमाणे पाण्याचा तळ ४० फुटांवर लागला आणि घड्याळाने कमाल खोली १०.४ मीटर नोंदवली, म्हणजे जेमतेम ३४ फूट. पुन्हा सोडून पाहिले तरी उत्तर तेच येते. सहा फुटांचा, म्हणजे जवळजवळ एका परसाचा हा फरक कुठून येतो आणि घड्याळ दुरुस्त कसे करायचे, एवढेच मला हवे आहे. रविवारच्या आत उत्तर मिळाल्यास बरे, कारण त्यावर एक व्यवहार अडला आहे. 'नवीन घड्याळ घ्या' असे कृपया कोणी सांगू नये.

घड्याळवेडा_मिरज

आपण कंपनी आणि मॉडेल लिहिलेले नाही, मागच्या झाकणाचे छायाचित्रही टाकलेले नाही. तबकडीवर '२०० मीटर' असे छापलेले असेल, तर त्याचा अर्थ घड्याळ खोली मोजते असा होत नाही. ते तेवढ्या पाण्याच्या दाबाला टिकण्यासाठी बनवले आहे, इतकाच होतो. त्यातही साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ २२८१० आणि पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ अशी दोन निरनिराळी प्रमाणे आहेत, आणि दुसऱ्या प्रमाणात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासून मगच बाहेर पाठवावे लागते. बहुतेक लोक या दोन्हींत गल्लत करतात.

कृष्णाकाठ_सांगली

दोष घड्याळाचा नसून दोरीचा आहे. वाहत्या पाण्यात सोडलेली दोरी कधीच सरळ उभी राहत नाही, तिला बाक येतो आणि प्रत्यक्ष खोलीपेक्षा जास्त दोरी सुटते. म्हणूनच आमच्याकडे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी पट्टीवर मोजतात. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि २०१९ च्या महापुरात ती पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा कोणाच्या मनगटावरचे घड्याळ कामाला आले नव्हते. विहिरीत एक कायमची पट्टी रोवून घ्या.

नवा_घेणारा

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पोहण्यासाठी आणि वर्षातून एखाद्या वेळी तारकर्लीला जाण्यासाठी अ‍ॅपल वॉच अल्ट्रा घ्यावे की खास पाणबुड्यांचे घड्याळ? अल्ट्रा ४० मीटरपर्यंत खोली दाखवते असे वाचले आहे.

विहिरीकाठी

कृष्णाकाठ, मी 'विहीर' असे स्पष्ट लिहिले आहे. विहिरीत पाणी वाहत नाही.

घड्याळवेडा, घड्याळ खोलीच मोजते. पाण्याखाली गेल्यावर पडद्यावर मीटरचा आकडा येतो आणि वर काढल्यावर कमाल खोली साठवलेली दिसते. व्यापारी जहाजावर नोकरीला असलेल्या मामेभावाने ते मला दिले, माहितीपुस्तिका हरवली आहे. दोष घड्याळाचा आहे की नाही हे ठरलेले नसताना कंपनीचे नाव चारचौघांत लिहिणे मला योग्य वाटत नाही.

सगळे विचारणारच, म्हणून व्यवहारही सांगून टाकतो. काकांच्या विहिरीतील गाळ काढायचा आहे. जुन्या कागदांत विहिरीची खोली काठापासून नऊ परस लिहिलेली आहे, म्हणजे ५४ फूट. सध्या पाणी काठाखाली ६ फुटांवर आहे. दोरीप्रमाणे गाळ काठापासून ४६ फुटांवर सुरू होतो, म्हणजे तो ८ फूट भरतो. घड्याळाप्रमाणे तोच १४ फूट होतो. विहिरीचा व्यास २० फूट असल्याने या सहा फुटांत सुमारे १९ ब्रास गाळ मावतो. ठेकेदार म्हणतो की दोरी ताणली गेली आहे आणि यंत्र खोटे बोलत नाही, म्हणून दर १४ फुटांचाच लागेल.

दाबमापक

मी साखर कारखान्यात बरीच वर्षे बॉयलर आणि त्यावरचे प्रेशर गेज सांभाळले आहेत, त्यामुळे ठेकेदाराच्या दुसऱ्या वाक्याबद्दल मला वेगळा अनुभव आहे. पण आधी त्याचे पहिले वाक्य तपासू. दोरी ताणली गेली, तर दोन खुणांमधले अंतर वाढते आणि त्याच खोलीसाठी कमी खुणा मोजल्या जातात. म्हणजे ताणलेली दोरी खोली कमी दाखवील, जास्त नव्हे. आपली दोरी जास्त दाखवते असे त्याला म्हणायचे असेल, तर ती आखडली आहे असे त्याने म्हटले पाहिजे. सुती दोरी भिजल्यावर आखडते हे खरे आहे, पण ४० फुटांत ६ फूट आखडणे अवघड आहे.

आता घड्याळाकडे येऊ. कोणतेही घड्याळ खोली मोजत नाही. ते दाब मोजते आणि त्यावरून खोलीचा हिशेब करते. त्या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली म्हणजे पाण्याची घनता, कारण एक मीटर खाऱ्या पाण्याने सुमारे १००.५ हेक्टोपास्कल दाब वाढतो आणि एक मीटर गोड्या पाण्याने सुमारे ९८. दुसरी म्हणजे शून्य कुठे धरायचे, अर्थात पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब किती आहे. म्हणून मला पुढील माहिती हवी : विहीर नेमकी कुठे आहे, घड्याळात गोड्या आणि खाऱ्या पाण्याची निवड आहे का, ओल्या दोरीवरच्या खुणा पोलादी टेपने तपासल्या आहेत का, आणि १०, २० व ४० फुटांवर थांबवून घेतलेले वेगवेगळे आकडे. एकाच खोलीवरचा आकडा कितीही वेळा घेतला तरी त्यातून चूक कोणत्या जातीची आहे हे कळत नाही.

घड्याळवेडा_मिरज

दाबमापक यांचे विवेचन योग्य आहे, परंतु ते सोपी गोष्ट विसरत आहेत. जहाजावर वापरलेल्या घड्याळाच्या सेन्सरच्या छिद्रांत मीठ साचते. कोमट गोड्या पाण्यात रात्रभर ठेवा, फरक पडेल. मला विचाराल तर, या बाबतीत जुनी यांत्रिक घड्याळे अधिक प्रामाणिक होती. फेवर-ल्युबा कंपनीने १९६० च्या दशकात 'बॅथी' नावाचे घड्याळ काढले, त्याच्या मागच्या झाकणातून पाणी आत शिरून एका पातळ पडद्याला दाबत असे आणि त्या हालचालीवर खोलीचा काटा फिरत असे. मीटरमध्ये दाखवणारे 'बॅथी ५०' आणि फुटांत दाखवणारे 'बॅथी १६०'. ही स्विस कंपनी २०११ मध्ये आपल्या टायटनने विकत घेतली. इलेक्ट्रॉनिक सेन्सरचे पहिले नावाजलेले घड्याळ म्हणजे सिटिझनचे १९८५ चे 'अ‍ॅक्वालँड', ज्याच्या डाव्या बाजूला सेन्सरचा फुगवटा स्पष्ट दिसतो. आपले घड्याळ त्या काळातले असल्यास आणि विकायचे असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा.

दाबमापक

छिद्रे बुजली असतील तर घड्याळ उशिरा प्रतिसाद देईल, परंतु तळाशी काही मिनिटे ठेवल्यावर आकडा हळूहळू वर सरकेल. प्रश्नकर्त्याला दर वेळी तेच उत्तर मिळत आहे. आणि यांत्रिक घड्याळ प्रामाणिक होते असे मानण्याचे कारण नाही. बंद डबीतील हवा ज्या दाबाला सील केली, त्या दाबालाच ते आयुष्यभर शून्य म्हणत राहते.

विहिरीकाठी

विहीर सातारा भागात आहे. घड्याळात पाण्याची निवड करण्याची सोय मला तरी सापडली नाही. दोरी नायलॉनची आहे, ओली असतानाच पोलादी टेपवर ताणून पाहिली. ४० फुटांत चार बोटांचाही फरक नाही. मागितलेले आकडे असे : १० फुटांवर १.५ मीटर, २० फुटांवर ४.५ मीटर, ४० फुटांवर १०.४ मीटर. पाच फुटांपर्यंत तर ते शून्यच दाखवत राहते.

खोलपाणी_कराड

शून्याचे कारण मी सांगतो. पाणबुड्यांची बहुतेक घड्याळे साधारण एक-सव्वा मीटर खोल गेल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत, नाहीतर हात धुताना किंवा पावसात भिजतानाही त्यांनी बुडीची नोंद केली असती. पहिले पाच फूट घड्याळ झोपलेले असते आणि तेवढेच पाच फूट आपल्या हिशेबातून गळतात. कोडे सुटले.

दाबमापक

नाही सुटले. मोजणी सव्वा मीटरवर सुरू झाली तरी त्या क्षणी घड्याळ 'सव्वा मीटर' असेच दाखवते, कारण दाब तोपर्यंत वाढलेलाच असतो. ते तिथून नव्याने शून्यापासून मोजत नाही. उंबरठ्यामुळे आकडा दिसायला उशीर होतो, आकडा घटत नाही.

आता आकडे पाहा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, २० फूट म्हणजे ६.१ आणि ४० फूट म्हणजे १२.२. घड्याळ अनुक्रमे १.५, १.६ आणि १.८ मीटरने कमी आहे. म्हणजे दीड मीटरच्या आसपास एक ठाम तूट आधीपासूनच आहे, आणि खोलीबरोबर थोडी थोडी वाढत जाणारी दुसरी तूट तिच्यावर बसली आहे. वाढणारी तूट अडीच टक्क्यांच्या घरात येते आणि ती खाऱ्या-गोड्या पाण्यातल्या फरकाशी जुळते. घड्याळ समुद्राचे पाणी धरून चालले आहे. ठाम तूट शून्याची आहे. काही घड्याळे पाण्यात जाण्यापूर्वी हवेचा दाब मोजून शून्य ठरवतात, तर काही समुद्रसपाटीचा १०१३ हेक्टोपास्कल हाच दाब कायमचा शून्य धरतात. आपले दुसऱ्या प्रकारचे दिसते.

अडचण अशी की सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि तेवढ्या उंचीवर ही तूट ०.८ मीटरच यायला हवी. उरलेले ०.७ मीटर कुठे गेले? 'सातारा भाग' म्हणजे नेमके कुठे, हे कृपया सांगावे.

विहिरीकाठी

विहीर पाचगणीच्या पुढे महाबळेश्वरच्या रस्त्याला आमच्या गावी आहे, जिल्हा साताराच. त्याने काय फरक पडतो? हवेच्या दाबाबद्दल म्हणाल तर विहिरीच्या काठावर उभे राहूनच मोबाइलवर हवामानाचे अ‍ॅप पाहिले, ते १०११ दाखवते. म्हणजे दाब समुद्रासारखाच आहे.

दाबमापक

सगळा फरक त्यानेच पडतो. पाचगणी-महाबळेश्वरचे पठार सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. हवामानाची अ‍ॅप जो दाब दाखवतात तो आपल्या जागेचा प्रत्यक्ष दाब नसतो. वेगवेगळ्या उंचीच्या गावांची तुलना करता यावी म्हणून तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. म्हणूनच रत्नागिरी आणि महाबळेश्वर यांचे आकडे तिथे जवळपास सारखे दिसतात. आपल्या मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असेल, तर त्याचा कच्चा आकडा दाखवणारे अ‍ॅप उघडा. माझ्या अंदाजाने तो ८७० च्या जवळपास येईल.

विहिरीकाठी

पुतणीच्या मोबाइलवर ८६७ आला.

दाबमापक

मग हिशेब पूर्ण झाला. १०१३ मधून ८६७ गेले, १४६ हेक्टोपास्कल उरले. घड्याळाच्या दृष्टीने आपली विहीर शून्यावर नव्हे, तर तेवढ्या दाबाच्या उण्यात सुरू होते; गोड्या पाण्याचे जवळजवळ दीड मीटर ते उणे भरून काढण्यातच खर्ची पडतात आणि तोपर्यंत घड्याळ शून्य दाखवते. पुढे ४० फुटांवर पाण्याचा दाब साधारण ११९६, त्यात ८६७ मिळवून १०१३ वजा केले की १०५० उरतात, त्यांना १००.५ ने भागल्यास १०.४ मीटर. घड्याळ बिघडलेले नाही आणि दोरीही खोटी नाही. घड्याळात शून्य बदलण्याची सोय नसल्यास ते उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका. आपल्या गावापुरते एवढेच करा की आकड्याला १.०२५ ने गुणा आणि त्यात १.५ मिळवा. तिन्ही आकडे दोरीशी जुळतात की नाही ते स्वतः ताडून पाहा.

कृष्णाकाठ_सांगली

एवढ्या गुणाकारापेक्षा पट्टी रोवणे सोपे होते, हे मी सुरुवातीलाच सांगितले होते. तरी सोपा उपाय हवाच असेल, तर एक मीटर लांबीची पारदर्शक बारीक प्लॅस्टिकची नळी घ्या, एक टोक पक्के बंद करा, आत कुंकवाचे बोट फिरवा आणि उघडे टोक खाली ठेवून सोडा. पाणी जिथवर चढेल तिथवर कुंकू धुऊन जाईल. बॉइलचा नियम आहे. दाब दुप्पट झाला की हवा निम्मी होते. ऑरिस कंपनीने घड्याळाच्या काचेतच अशी नळी कोरली आहे, तिला ना बॅटरी लागते ना सेन्सर.

दाबमापक

कल्पना उत्तम आहे, आणि ती आपल्याकडून आली याचा आनंद वाटतो. मात्र ऑरिसच्या काचेवरचे आकडे समुद्रसपाटीसाठी छापलेले असतात आणि नेमक्या याच विहिरीत ती नळी उलट्या दिशेने चुकेल. नळीत अडकलेली हवाच मुळात विरळ असल्यामुळे ती लवकर दबते. ४० फुटांवर एकूण दाब २०६३ होतो, त्याला ८६७ ने भागल्यास २.३८ पट, एक मीटर नळीत पाणी ५८ सेंटिमीटर चढेल आणि छापील मोजपट्टी १३.९ मीटर दाखवील. म्हणजे खरी खोली १२.२ असताना सेन्सरचे घड्याळ १०.४ म्हणणार आणि नळीचे १३.९. घरी केलेल्या नळीवर आकडे छापलेले नसल्याने तिथे ८६७ धरून हिशेब केला, तर उत्तर बरोबर येईल.

खोलपाणी_कराड

इथे एक गंभीर मुद्दा आहे. गाळ काढण्यापूर्वी विहिरीत कोणी पाणबुड्या उतरणार असेल, तर नळीचा तो १३.९ चा आकडा खोली म्हणून चुकीचा असला तरी त्याच्या जिवासाठी तोच उपयोगी आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बाहेर पडतो, आणि तो किती जोरात बाहेर पडेल हे खालचा दाब वरच्या दाबाच्या किती पट आहे यावर ठरते. १३०० मीटर उंचीवर १२ मीटरची बुडी ही समुद्रातील सुमारे १४ मीटरच्या बुडीसारखी धरावी लागते. प्रश्नकर्त्याचे घड्याळ मात्र तिला दहा मीटरची समजून जास्त वेळ थांबण्याची मुभा देईल. नेहमीचे तक्ते सुमारे ३०० मीटर उंचीपर्यंतच चालतात, त्यापुढे उंचीचे वेगळे तक्ते वापरावे लागतात.

नवा_घेणारा यांनाही हेच लागू आहे. तारकर्लीत बुडी मारून लगेच आंबोली घाट चढून सांगलीकडे निघणारे पुष्कळ जण मी पाहतो. दोन हजार फुटांपेक्षा उंच जायचे असेल, तर एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, अशी विमानप्रवासासाठी दिलेली शिफारस घाटालाही लागू पडते. घड्याळ कोणते घ्यायचे हा नंतरचा प्रश्न आहे.

विहिरीकाठी

विहिरीत कोणी उतरणार नाही, पाणी उपसूनच गाळ काढायचा आहे. दाबमापक यांचे मनापासून आभार. हिशेब कागदावर मांडून ठेकेदाराला दाखवला. तो म्हणतो की गुणाकार आपल्याला समजत नाही, रविवारी त्याच्यासमोर पोलादी टेप सोडून दाखवा. काका तयार आहेत. म्हणजे गाळ ८ फूट, हे आता पक्के समजावे ना?

वाईकर_बागायतदार

नाही समजू नये. आपण सगळे घड्याळाच्या मागे लागलात, पण गाळाच्या हिशेबातला कच्चा दुवा 'नऊ परस' हा आहे. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आमच्या भागात जुनी माणसे ती साडेपाच फूट धरत, काही गावांत सहा, तर काही ठिकाणी त्याहूनही जास्त. साडेपाचाने नऊ परस म्हणजे ४९.५ फूट, आणि मग आपला गाळ आठ नव्हे, साडेतीनच फूट उरतो. पोलादी टेप गाळाचा वरचा थर सांगेल. खालचा खडक कुठे आहे हे ना टेप सांगेल ना घड्याळ.

रविवारी टेपबरोबर अर्ध्या इंची जीआय पाइपच्या वीस फुटी तीन नळ्या आणि सॉकेट आणून ठेवा. नळ्या जोडत जोडत विहिरीत सोडा आणि गाळात दाबत न्या. मऊ गाळात पाइप हाताच्या जोराने जातो, खडकाला लागला की थांबतो आणि ठोकल्यावर झटका हाताला जाणवतो. मध्ये एखादा पडलेला दगडही लागू शकतो, म्हणून चार बाजूंनी टोचून पाहा आणि सर्वांत खोल गेलेला आकडा घ्या. आमच्याकडे गाळाचा उक्ता असाच ठरतो, आणि ठेकेदारही त्यावर वाद घालत नाही, कारण पाइप त्याच्याच माणसांनी दाबलेला असतो.

विहिरीकाठी

पाइपचे तिन्ही तुकडे काकांच्या गोठ्यात पडून आहेत, सॉकेट मात्र वाईहून आणावे लागतील. अर्ध्या इंची पाइप एवढ्या लांबीला मध्येच वाकत नाही ना?

वाईकर_बागायतदार

वाकतो. विहिरीवर आडवी फळी टाकून तिला भोक पाडा आणि पाइप त्यातून सोडा. पाऊण इंची मिळाला तर तोच घ्या.